तुमच्या मुलाची परीक्षा

सर, आज दुपारी गढ्याला तुमच्या घरी जाऊन आले. फाटकाची कडी अजूनही वर उचलूनच काढावी लागते. आता जबलपूरच्या या टोकाला, महाराजपूरला, आमच्या घरी बसून हे लिहिते आहे. आई-बाबा गेल्यापासून हे घर मी ठेवलं आहे ते वर्षातून दोन-तीनदा येऊन झोपण्यापुरतं. या वेळी तर फक्त झोपायलाच आले होते. परवा पुन्हा दिल्ली, आणि मग रोस्टरमध्ये जे असेल ते. हल्ली शरीराला कुठलीच वेळ आपली वाटत नाही. जेवायच्या वेळी झोप येते आणि झोपायच्या वेळी डोक्यात कुणीतरी यादी वाचत बसलेलं असतं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. मधल्या काळात तुम्हाला काही सांगावं असं पुष्कळदा वाटलं. कॅप्टन झाले तेव्हा वाटलं, परीक्षक झाले तेव्हा वाटलं. पण ते सगळं कुणाला तरी सांगता येण्यासारखं होतं, म्हणून तुमच्याकडे आले नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी दादाला, तुमच्या मुलाला, नापास केलं.

सुरुवातीपासून सांगते. अर्ध्यातून सुरू केलेलं तुम्ही ऐकून घेत नव्हतात. फ्लाइंग क्लबचं विमान एकच होतं आणि बऱ्याचदा तेही दुरुस्तीला उघडून ठेवलेलं असायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुम्ही दादाला आणि मला घरीच शिकवायचात. स्वयंपाकघरात, कारण घरात तेवढी एकच भिंत मोकळी होती. ओट्यासमोर, मसाल्याच्या डब्यांशेजारी, तुम्ही पुठ्ठ्यावर रंगवलेलं कॉकपिट टांगलेलं आहे. त्याच्यासमोर दोन पाट मांडले आहेत. डाव्या पाटावर दादा, उजव्यावर मी. तुम्ही मागे चौकटीला टेकून उभे, हातात काकूंचं लाटणं. लाटण्यानं पुठ्ठ्यावरच्या एका चकतीकडे बोट दाखवल्यासारखं करून तुम्ही म्हणता, इंजिन गेलं. मी एकेक ओळ वाचते, दादा त्या त्या ठिकाणी बोट ठेवून उत्तर देतो. इंधन बंद, असं तो म्हणाला की काकू कढईवरची नजर न काढता विचारतात, गॅस पण बंद करू का. आम्ही दोघं फिसकन हसतो, तुम्ही हसत नाही, आणि आम्हाला पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. असं करता करता पोळ्या थांबायच्या, आणि मग काकू येऊन तुमच्या हातातून लाटणं काढून घ्यायच्या. तेव्हाच आमचा तास संपायचा.

दादाचे हात माझ्यापेक्षा चांगले होते. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला होतं, त्यालाही होतं. मी विमान पाठ केल्यासारखं उडवायची. तो सायकल चालवावी तसा उडवायचा. आडव्या वाऱ्यात तो चाकं अशी टेकवायचा की मागे बसलेल्याला कळू नये. तरी मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुमचा जुना हिरवा हेडसेट तुम्ही मला दिलात. त्याच्या कानांवरचं रेक्झिन फाटलं होतं, तर काकूंनी आपल्या जुन्या सुती साडीचे दोन गोल कापून त्याला खोळी शिवल्या. दादा तिथेच बसला होता. मला फार अवघडल्यासारखं झालं. त्यानं हेडसेट डोक्याला लावून पाहिला, माझे कान दाबतो म्हणाला, आणि माझ्या पिशवीत टाकून दिला. तुम्ही असं काहून केलंत, हे मी कधी विचारलं नाही. त्याला लागलंच असणार.

तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात ट्रेनिंगला होते. मला कळलं तोवर नर्मदेच्या ग्वारीघाटावरचं सगळं आटोपलं होतं. त्यानंतर दादानं एक गोष्ट ठरवली आणि ती कुणाला बोलून दाखवली नाही. आमच्या दोघांच्या कंपनीनं त्याला दोनदा जेटवर बोलावलं. मोठं विमान, मोठा पगार, मोठ्या शहरातला बेस. दोन्हीदा तो नाही म्हणाला. पंख्याच्या छोट्या विमानावरच राहिला, कारण ते जबलपूरला यायचं, आणि आठवड्यातले निम्मे दिवस त्याला काकूंच्या हातचं जेवता यायचं. लग्न झालं, मोडलं, तेव्हाही तो गढ्यालाच होता. डोंगरातल्या, जंगलातल्या आखूड धावपट्ट्यांवर तो आयुष्यभर उतरत राहिला. मी मधूनमधून प्रवासी म्हणून त्याच्या विमानानं घरी आले आहे. डोळे मिटून बसायची. चाकं टेकली की मनातल्या मनात म्हणायची, आला घराचा ओटा.

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. आम्ही आपसात त्याला लग्न म्हणतो, आणि त्यात आम्ही मुलीकडचे. युनिफॉर्म त्यांचा, रोस्टरचं सॉफ्टवेअर त्यांचं, ज्येष्ठतेच्या यादीत आमची नावं कुठे बसवायची ते ठरवणार तेच. पायलटांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. कुणाचा बेस बंद झाला, कुणाला सिम्युलेटरचा स्लॉट पहाटेचा मिळाला, हॉटेल किती लांब आहे, जुन्या करारातल्या सुट्ट्या धरणार की नाही. सगळ्यात जास्त भांडण मात्र शब्दांवरून. तुम्हाला हे समजेल. टेकऑफ अर्ध्यात सोडायचा तर आम्ही एक शब्द ओरडायचो, त्यांच्याकडे दुसरा. एखादी कळ दाबल्यावर आमच्याकडे ज्यानं दाबली तो बोलायचा, त्यांच्याकडे ज्यानं पाहिली तो. सिम्युलेटर सेंटरच्या कँटीनमध्ये दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या टेबलांवर बसून एकच डोसा खातात आणि एकमेकांच्या पद्धती किती चुकीच्या आहेत ते सांगतात. पांढऱ्या केसांचे कॅप्टन हातात टॅबलेट धरून, ओठ हलवत, नवे शब्द पाठ करत असतात. मीही केले. पन्नाशीला आल्यावर जिभेचं वळण बदलणं फार थकवतं, सर. सवयीचा शब्द आधी तोंडात येतो, तो गिळायचा, नवा शोधायचा, आणि तोवर विमान पुढे गेलेलं असतं.

त्यातला एक नियम तुम्हाला सांगायलाच हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. उतरताना हजार फुटांवर आलं की वेग, उंची, चाकं, सगळं जिथल्या तिथे बसलेलं पाहिजे. नसेल, तर शेजारी बसलेल्यानं म्हणायचं, गो अराउंड. म्हणजे उतरणं सोडा, वर चढा, फिरून पुन्हा या. तो शब्द आला की चर्चा नाही. म्हणणारा कालचा आलेला असो, ऐकणारा कॅप्टन असो, वर जायचंच. आमच्या जुन्या कंपनीत हवा स्वच्छ असली तर कॅप्टनला आणखी खाली, पाचशे फुटांपर्यंत, सावरून घ्यायची मुभा होती. ती गेली. कँटीनमध्ये याच्यावर आमची मंडळी सगळ्यात जास्त चिडतात. तीस वर्षं आम्ही काय झोपून उतरत होतो का, असं म्हणतात.

आणि मग नव्या कंपनीनं भाड्यानं घेतलेली पंख्याची विमानंच परत करून टाकली. जबलपूरचं विमान गेलं. त्या विमानांवरच्या सगळ्यांना सांगण्यात आलं की जेट शिका, नाहीतर दुसरीकडे बघा. दादा पंचावन्नाच्या आसपास. वर्गातला अभ्यास त्यानं नीट केला, पण सिम्युलेटरमध्ये अडला. तुम्ही त्याला समजावलं असतं तर एका वाक्यात समजावलं असतं. पंख्याच्या विमानाची ताकद कमी केली की ते लगेच दमतं, वेग आपोआप पडतो. जेट दमत नाही, घसरतच राहतं. दादाचे हात तीस वर्षं एका दमणाऱ्या विमानाला ओळखत आले होते. पहिली परीक्षा गेली. थोडं जास्तीचं ट्रेनिंग देऊन दुसरी झाली, तीही गेली. तिसरी शेवटची, असं कंपनीनं लेखी कळवलं. त्या परीक्षेवर परीक्षक म्हणून माझं नाव आलं.

मी ट्रेनिंगच्या प्रमुखांना फोन केला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान माणूस आहे, सभ्य आहे, आवाजावरून तोही झोपलेला नसावा. मी म्हटलं, हे माझ्या गुरूंचे चिरंजीव आहेत, आम्ही एका स्वयंपाकघरात शिकलो, मला ही परीक्षा देऊ नका. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की आपल्या धंद्यात सगळेच कुणाचे तरी कुणीतरी असतात, दुसरा परीक्षक मोकळा नाही, आणि हा स्लॉट सोडला तर दोन महिने सिम्युलेटर मिळणार नाही. तोवर त्यांच्या लायसन्सची मुदत उलटून जाईल. मी दादाला फोन केला. वाटलं, तो तरी नको म्हणेल. तो म्हणाला, बरं झालं, ओळखीचं कुणीतरी असलेलं चांगलं. मग म्हणाला, आईला सांगून नको राहू.

सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी केलेली एक खोली. आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर रंगवलेलं आकाश. परीक्षक मागे बसतो, अंधारात, आणि आपल्या स्क्रीनवरून संकटं पाठवतो. दादा डाव्या खुर्चीत. उजवीकडे मोठ्या कंपनीतली एक को-पायलट, माझ्या भाचीच्या वयाची, पाठ ताठ, आवाज स्पष्ट. मी दादाला ‘कॅप्टन’ म्हटलं आणि त्यानं मला ‘मॅम’ म्हटलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सुरुवात छान झाली. मी एक इंजिन काढून घेतलं, तर त्यानं विमान असं धरलं की मी लिहायची थांबले. सगळे नवे शब्द त्याला आले. एकदा जुना शब्द निम्मा बाहेर पडला, त्यानं तो गिळला, नवा म्हटला. मला वाटलं, झालं. फक्त एका इंजिनवर उतरायचं राहिलं होतं.

उतरताना तो थोडा उशिरा वळला. थोडाच. ताकद कमी केली, पण विमान घसरत राहिलं. हजार फूट आले तेव्हा वेग जास्त होता. त्या मुलीनं आधी वेग सांगितला, त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, ‘‘गो अराउंड.’’ स्वच्छ, ठरल्याप्रमाणे. दादा म्हणाला, ‘‘होतंय, होतंय.’’ तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचे खांदे मला मागून दिसत होते. ते अजिबात घाबरलेले नव्हते. सातशेवर वेग कमी होऊ लागला, चारशेवर सगळं जिथल्या तिथे बसलं, आणि त्यानं चाकं टेकवली. त्या यंत्रात मी शेकडो माणसं उतरताना पाहिली आहेत. इतकं हलकं कुणी उतरलेलं नाही.

तेव्हा मला क्लबमधली ती दुपार आठवली. मी एकदा फार उंचावरून, नाक खाली दाबत, धावपट्टीच्या अर्ध्यात उतरले होते आणि टोकाला जाऊन थांबले होते. तुम्ही गवतातून चालत आलात. दार उघडून विचारलंत, ‘‘वर काहून नाही गेली?’’ मी म्हटलं, जमलं ना सर. तुम्ही म्हणालात, ‘‘जमलं म्हणजे बरोबर झालं काय? उद्या याच हिमतीवर पुन्हा करशील.’’ आणि आठवडाभर मला विमानाला हात लावू दिला नाहीत. फक्त पुसायला लावलंत. मी घरी जाऊन रडले होते. बाबा तुमच्याकडे भांडायला निघाले होते, आईनं थांबवलं.

परीक्षेनंतर बाजूच्या छोट्या खोलीत बसून निकाल सांगायचा असतो. त्या मुलीला मी चहाला पाठवलं. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवर पांढरा फळा. मी काय काय चांगलं झालं ते सांगायला लागले. दादानं हात वर केला.

‘‘काहून एवढं फिरवून राहिली? सरळ सांग.’’

‘‘नापास, दादा.’’

तो बाटलीचं झाकण फिरवत बसला. म्हणाला, ‘‘उतरवलं ना पण मी.’’

‘‘फार सुंदर उतरवलंस.’’

‘‘मग?’’

‘‘तिनं दोनदा सांगितलं.’’

‘‘ऐकलं मी,’’ तो म्हणाला. ‘‘दोन्हीदा ऐकलं. हात सांगत होते की होतंय.’’ खाली कुठेतरी दुसऱ्या सिम्युलेटरचे पाय कण्हत होते. शेवटी त्यानं पेन मागितलं, माझ्या टॅबलेटवर सही केली, आणि दारापर्यंत जाऊन वळला. म्हणाला, ‘‘आईला मी सांगीन. तू मधे पडू नको.’’ त्याला निरोप द्यायला मी उठले नाही. अर्ध्या तासानं पुढचे दोघे यायचे होते, त्यांची परीक्षा घ्यायची होती, आणि ती मी घेतली.

या गोष्टीला आता काही महिने झाले. कंपनीनं त्याला दिल्लीत वर्ग घेण्याचं काम देऊ केलं, तो नाही म्हणाला. मग त्यानं दुसरीकडे अर्ज केला. पंख्याची विमानं चालवणारी एक छोटी कंपनी आहे, तिला त्याच्यासारखी माणसं हवीच आहेत. त्यांनी लगेच घेतलं. बेस मात्र तिकडे ईशान्येला, डोंगरांत. गढ्याहून तिथे पोचायला दीड दिवस लागतो. आईसाठी ज्यानं जेट सोडलं, तो जेट जमलं नाही म्हणून आईला सोडून निघाला आहे. हे मला ग्रुपवरून कळलं. म्हणून मी आले, झोपायला आले असं स्वतःला सांगत.

काकूंनी दार उघडलं. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, पण चालणं तसंच, घाईचं. मला त्यांनी बाहेरच्या खोलीत बसवलं. सर, तुमच्या घरी मी बाहेरच्या खोलीत कधी बसलेली नाही. चहा आला तो बशीसकट, पाहुण्यांच्या सेटमधल्या कपात, सोबत प्लेटमध्ये बिस्किटं. मी त्या घरात कायम स्टीलच्या गिलासात चहा प्यायले आहे, ओट्याला टेकून, पोळीचा तुकडा बुडवून. मी कप उचलला आणि मला तो कसा धरायचा तेच कळेना.

‘‘तू घेतली म्हणे परीक्षा त्याची,’’ काकू म्हणाल्या.

‘‘हो काकू.’’

‘‘आणि तूच नापास केलं.’’

‘‘हो.’’

त्यांनी पदरानं टेबलावरचा न सांडलेला चहा पुसला. ‘‘हे असते तर यांनीही केलंच असतं. मला माहीत आहे, तू सांगू नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण मग मी यांच्याशीही बोलली नसती.’’

त्यानंतर त्यांनी माझी तब्येत विचारली, रस्त्यात ऊन होतं का विचारलं, आणि बिस्किटं घे म्हणाल्या. मी दोन खाल्ली. आत दादा कपाटं आवरत होता, त्याचे आवाज येत होते. निघताना तोच बाहेर आला, स्कूटर काढली, ओमती चौकापर्यंत सोडतो म्हणाला. वाटेतल्या गर्दीत बोलणं ऐकू आलं नसतं. ओमतीला उतरल्यावर मी त्याला विचारलं, काकूंचं कसं करणार. म्हणाला, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला आहे, शाळेत मास्तर आहे, रात्री हाक मारली तर ऐकतो. महिन्यातून एकदा मी येऊन जाईन. मग हेल्मेटची पट्टी लावता लावता म्हणाला, ‘‘तिकडे धावपट्ट्या आखूड हायेत. तिथे म्हणेल ना कुणी गो अराउंड, तर जाऊन राहीन मी वर. काळजी नको करू.’’ मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला घरी येऊन झोपता आलं असतं.

काकू पुन्हा कधी मला आत बोलावतील का, ठाऊक नाही. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा त्या घरात एकट्या असतील, आणि मी फाटकाशी येऊनही परत फिरेन, अशीही शक्यता आहे. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हे मी विचारत नाही. ते मला माहीत आहे, काकूंनाही माहीत आहे, दादालाही. त्यानं आमच्यापैकी कुणाचंच काही हलकं होत नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार. परवा निघण्याआधी फाडून टाकीन, किंवा राहून जातील इथेच, टेबलाच्या खणात. म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. निकालपत्रात ती नाही आणि दादालाही मी सांगितलेली नाही. हजार फूट आले तेव्हा त्या मुलीनं वेगाच्या आकड्याकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, आणि बोलण्याआधी तिनं श्वास घेतला. तो मला मागे, अंधारात ऐकू आला. परीक्षक म्हणून मी तिच्या बोलण्याची वाट पाहत असायला हवी होते. पण त्या एका श्वासाभर, सर, मी मनापासून म्हणत होते की पोरी, बोलू नको.